प्रसूतिगृहांचा हिशोब: कुठला मागायचा आणि कशासाठी

2025 च्या मार्चअखेरीस पुण्यात जुळ्या मुलींना जन्म देऊन एक आई गेली. आधी ज्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात तिला नेलं होतं, तिथे दहा लाखांची अनामत मागितली असा नातेवाइकांचा आरोप होता. मग मोर्चे निघाले, फलकाला काळं फासलं गेलं, चौकशी समित्या बसल्या आणि पुढे कितीतरी दिवस वाहिन्यांवर, समाजमाध्यमांवर एकच भांडण चाललं. एका बाजूचं म्हणणं, डॉक्टर कसाई झालेत. दुसऱ्या बाजूचं, लोकांना उपचार फुकट हवेत आणि वर डॉक्टरांना मारही द्यायचा. या गदारोळात एक साधा प्रश्न राहूनच गेला. राज्यातल्या कुठल्या प्रसूतिगृहात गेल्या वर्षी किती बायकांना बाळंतपणानंतर रक्त चढवावं लागलं, किती जणींचं गर्भाशय काढावं लागलं, किती जणींना ऐनवेळी दुसरीकडे हलवलं आणि त्यांतल्या किती जणी बाळाला घेऊन घरी परतल्या? नाव कुठे घालायचं हे ठरवणाऱ्या गरोदर बाईला, तिच्या आईला, नवऱ्याला हे बघायचं असेल तर बघायला जागाच नाही. शेजारणीचा अनुभव, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांची शिफारस आणि खोलीतला एसी यांवर आयुष्यातला एवढा मोठा निर्णय होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक ठिकाणाकडून, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र असो की सप्ततारांकित हॉस्पिटल, सरकारने एकाच नमुन्यात माहिती घ्यावी, रुग्णांची जोखीम लक्षात घेऊन ती मांडावी आणि लोकांसमोर ठेवावी. त्याच वेळी मातामृत्यूची वैद्यकीय चिकित्सा, म्हणजे तो का झाला याचा शोध, शिक्षेच्या प्रक्रियेपासून कायद्यानेच वेगळी काढावी. या मागणीचे हे दोन भाग एकमेकांवाचून चालत नाहीत. पहिल्याचा आग्रह धरणारे दुसऱ्याला डॉक्टरांची पाठराखण म्हणतात, आणि दुसऱ्याचा आग्रह धरणारे पहिल्याला इन्स्पेक्टर राज म्हणतात. वाद फसतो तो इथेच.

आपण कुठून आलो हे आधी बघायला हवं. 2001-03 मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये तो आकडा 33 वर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्यातल्या 94.7 टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या आढळल्या. आशा ताई, आरोग्य सेविका, जननी सुरक्षा योजना, 108 ची गाडी या सगळ्यांनी मिळून बाईला घरातून दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं, आणि ही लहान गोष्ट नाही. पण दारापर्यंत आणणं हा वीस वर्षांपूर्वीचा प्रश्न होता. आजचा प्रश्न दाराच्या आतला आहे. त्यावर 33 हा आकडा काहीच सांगत नाही, कारण तो नमुना पाहणीतून काढलेला, तीन वर्षांचा मिळून, अख्ख्या राज्याचा आणि प्रसिद्ध होईपर्यंत शिळा झालेला असतो. नंदुरबारची बाई आणि कोथरूडची बाई त्याच सरासरीत बसते. कोण कशाने गेली आणि काय केलं असतं तर वाचली असती, हे सरासरीतून कळत नाही.

मोजण्याने खरंच काही बदलतं का, की नुसते कागद वाढतात? ही शंका रास्त आहे, म्हणून एक उदाहरण जरा जवळून बघू. आपल्याकडे माता दगावण्याचं फार मोठं कारण म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. पाचशे मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की धोक्याची पायरी सुरू होते. पण लेबर रूममध्ये हे पाचशे मिलिलिटर मोजतं कोण? रक्त चादरीत मुरतं, फरशीवर जातं, बादलीत पाण्यात मिसळतं आणि सिस्टर नजरेने अंदाज करतात. नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत संशोधन केलं तेव्हा एक साधी वस्तू वापरली: बाळंतिणीच्या खाली पसरायची प्लास्टिकची चादर, तिला खाली नरसाळ्यासारखा खिसा आणि खिशावर मापाच्या रेघा. रक्त रेघेपर्यंत चढलं की वाद संपला, धावपळ सुरू. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या 80 रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर अशाच मापाच्या चादरीचा आणि तिच्या जोडीला ठरलेल्या उपचारांच्या संचाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम निम्मे रक्तस्राव वेळेत ओळखले जात होते, नव्या पद्धतीत 93 टक्के ओळखले गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा त्यातून होणारा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. औषधं जुनीच होती. वेळेवर मोजलं आणि मोजल्याबरोबर हात हलले, एवढाच फरक. एका खाटेवर जे खरं ठरलं ते जिल्ह्याच्या पातळीवर खोटं का ठरावं?

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेतो, आणि ते हलके नाहीत. पहिला मुद्दा असा की चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट. सिझेरियनचं उदाहरण घ्या. देशात 2019-21 मध्ये खासगी रुग्णालयांतल्या 47.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांतल्या 14.3 टक्के. महाराष्ट्राचा एकूण आकडा पाच-सहा वर्षांत 20.1 वरून 25.4 वर गेला. तेलंगणात तर तो 60.7 होता. हे बघून कुणाचंही डोकं फिरेल. 2017 मध्ये मुंबईतून एक याचिका निघाली, लाखाहून अधिक सह्या झाल्या, आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांना आपलं सिझेरियनचं प्रमाण लावायला सांगितलं गेलं. ‘दारावर टक्केवारी लावा’ ही मागणी तेव्हापासून अधूनमधून डोकं वर काढते. हेतू उत्तम. पण जिथे जिल्ह्याभरातून झटके आलेल्या, वार खाली सरकलेल्या, आधी दोन सिझर झालेल्या बायका पाठवल्या जातात, त्या रुग्णालयाची टक्केवारी वरच असणार. जो डॉक्टर अवघड केस दिसताच हात वर करतो, त्याची टक्केवारी झकास दिसणार. मग दारावरचा आकडा बाईला नेमकं उलटं सांगेल.

आणि कमी आकड्याचा हव्यास किती महाग पडतो ते इंग्लंडने भोगलंय. श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या सरकारी रुग्णालयांचं कमी सिझेरियनबद्दल वर्षानुवर्षं कौतुक होत होतं. त्यांच्या कारभाराचा चौकशी अहवाल मार्च 2022 मध्ये आला. वीसेक वर्षांच्या काळातली 201 बाळं नीट काळजी घेतली असती तर वाचू शकली असती, असं त्यात म्हटलं होतं. शस्त्रक्रिया टाळण्याकडे, लांबवण्याकडे तिथला कल होता. अहवालाच्या आधीच, त्याच वर्षी फेब्रुवारीत, इंग्लंडच्या आरोग्य सेवेने रुग्णालयांना सांगून टाकलं होतं की एकूण सिझेरियनची टक्केवारी ही कामगिरीची फूटपट्टी म्हणून वापरू नका. टक्केवारीमागे धावणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी हे नीट वाचायला हवं.

पण यातून ‘मोजूच नका’ असा अर्थ काढणं चुकीचं आहे. इंग्लंडनेही तो काढला नाही. त्यांनी नीट मोजा असं सांगितलं. मायकेल रॉबसन या डॉक्टरने 2001 मध्ये प्रसूतींची दहा गटांत विभागणी सुचवली: पहिलटकरीण की नाही, आधी सिझर झालंय का, बाळ एक की जास्त, डोकं खाली की पायाळू, दिवस भरलेत का, कळा आपोआप आल्या की औषधाने आणल्या. दाखल करतानाच्या केसपेपरवर हे सगळं असतंच. 2015 पासून जागतिक आरोग्य संघटनाही याच वर्गीकरणाचा आग्रह धरते. त्यामुळे सारख्याची तुलना सारख्याशी होते. दिवस भरलेली, एकच बाळ, डोकं खाली, आपोआप कळा सुरू झालेली पहिलटकरीण अशा गटात एका प्रसूतिगृहात दहातल्या दोघींचं सिझर होतं आणि त्याच पेठेतल्या दुसऱ्यात सहा जणींचं, तर मग ‘आमच्याकडे अवघड केसेस येतात’ ही सबब कशी चालेल? कॅलिफोर्नियाने साधारण हाच धागा धरला. कमी जोखमीच्या पहिलटकरणींमधलं सिझेरियनचं प्रमाण रुग्णालयवार मोजलं, प्रत्येक रुग्णालयाला स्वतःचा आकडा इतरांशेजारी ठेवून दाखवला, आणि 2014 ते 2019 मध्ये तो 26 वरून 22.8 टक्क्यांवर आला. नवजात बाळांच्या गंभीर गुंतागुंती त्यामुळे वाढल्या नाहीत, हेही त्यांनी मोजूनच दाखवलं.

दुसरा मुद्दा भीतीचा आहे, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. गर्भलिंगनिदान रोखण्याचा कायदा हवाच होता. महाराष्ट्राने तो देशाच्या आधी, 1988 मध्येच केला. पण सोनोग्राफीच्या एफ फॉर्मचा एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून मशीन सील झाल्याचे, वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा घातल्याचे किस्से प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरांकडे आहेत. खरोखर लिंगनिदान करणारा मात्र फॉर्म व्यवस्थित भरतो. अशा डॉक्टरला आणखी एक फॉर्म दिला तर तो काय समजणार? राजस्थानात दौसा जिल्ह्यात मार्च 2022 मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक बाई गेली, डॉक्टरवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्या डॉक्टर बाईंनी आत्महत्या केली. हे घडलेलं असताना खरी माहिती द्या म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने फास घालून घ्या म्हणण्यासारखंच त्यांना वाटत असेल, तर दोष त्यांचा नाही.

हा पेच नवा नाही. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस बाळंतरोगाची साथ आली. अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरने 77 बाळंतिणींची यादी केली आणि प्रत्येकीपुढे तिचं बाळंतपण कुणी केलं हे लिहिलं. तक्ता बघताच उघड झालं की रोग हवेतून पसरत नव्हता, सुईणी आणि डॉक्टर तो एका घरातून दुसऱ्या घरात नेत होते. मी स्वतःही त्यांतला एक होतो, हे गॉर्डनने कबूल केलं. 1795 मध्ये त्याने हे सगळं नावांसकट छापलं. गाव त्याच्यावर उलटलं, त्याला शहर सोडावं लागलं, आणि हातातून जंतुसंसर्ग पोचतो हे सर्वमान्य व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. त्याचा तक्ता अचूक होता. पण त्या गावात खरं सांगणाऱ्यालाही संरक्षण नव्हतं आणि ज्यांची नावं आली त्यांनाही नव्हतं. याच्या शेजारी 1952 ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या वर्षापासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चिकित्सा सुरू झाली. बाईचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, रुग्णालयाचं नाव नाही. फक्त काय घडलं, काय करायला हवं होतं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. ती परंपरा आजही चालू आहे.

हे गोऱ्यांच्या देशातच जमतं असं कुणी म्हणेल, तर केरळ आपल्याच देशात आहे. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून सरकारच्या संमतीने हीच गोपनीय पद्धत चालवली, आणि केरळात खासगी प्रसूतींचा वाटा मोठा असताना खासगी रुग्णालयांनाही त्यात घेतलं. रक्तस्राव हे पहिलं कारण दिसल्यावर त्यावर ठरलेली कार्यपद्धती बसवली, डॉक्टर-नर्सेसच्या तालमी घेतल्या. 2004-06 मध्ये तिथलं मातामृत्यूंचं प्रमाण 95 होतं, 2018-20 मध्ये 19. सगळं श्रेय या एका गोष्टीला देणं बरोबर होणार नाही. केरळातलं शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्यसेवा यांचा वाटा मोठा आहे. पण जे राज्य आधीच सगळ्यांत पुढे होतं, त्यालाही प्रत्येक मृत्यू उलगडून बघण्याची गरज वाटली.

आपल्याकडेही कागदावर मातामृत्यू अन्वेषण आहे. 2010 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, 2017 मध्ये त्या सुधारल्या. मृत्यू चोवीस तासांत कळवायचा, जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीत नातेवाइकांनाही बोलवायचं, हे सगळं त्यात आहे. पण गोपनीयतेला कायद्याचं कवच नाही. बैठकीतलं वाक्य उद्या वर्तमानपत्रात आणि परवा एफआयआरमध्ये येणार असेल, तर त्या टेबलाभोवती खरं कोण बोलेल?

इथे नातेवाईक विचारतील, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे: म्हणजे आमची बाई गेली आणि तुम्ही दार लावून आपसात बोलणार? नाही. रुग्णाचे कागद 72 तासांत द्यायचे हा नियम आहे, तो सक्तीने पाळला जावा. ग्राहक न्यायालय आहे, वैद्यकीय परिषद आहे, निष्काळजीपणाचा कायदा आहे. ती दारं उघडीच राहतील. शिकण्यासाठी चालणारी चिकित्सा आणि दोषी ठरवण्यासाठी चालणारा खटला या दोन वेगळ्या खोल्या असाव्यात, एवढंच मागणं आहे. आज दोन्ही एकाच खोलीत कोंबल्यामुळे न्यायही मिळत नाही आणि धडाही.

छोट्या नर्सिंग होमचा मुद्दा थोडक्यात घेतो. तालुक्याच्या गावी दहा खाटांचं हॉस्पिटल नवरा-बायको दोघं डॉक्टर चालवतात, रात्री दोनला तेच ऑपरेशन करतात, सकाळी तेच जन्मनोंदणीचे कागद भरतात. त्यांच्यावर आणखी ओझं टाकलं तर कागद भरतील, पण खोटे. प्रसूती चालू असताना भरायचा पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, बाळ झाल्यावर निवांत भरला जातो, हे लेबर रूममध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यावर उपाय माहिती कमी मागण्याचा आहे. पाच पोर्टलांवर तीच तीच माहिती भरायला लावण्याऐवजी एकदाच, एकाच ठिकाणी, मोजकी माहिती घ्यावी, आणि तिचा उपयोग त्या डॉक्टरला परत दिसावा. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘मान्यता’ या उपक्रमात 16 निकष स्वतःहून ठरवलेत. म्हणजे कशाला चांगली प्रसूतिसेवा म्हणायचं यावर वादच उरलेला नाही. ऐच्छिक असल्याने ज्यांना आधीच फिकीर आहे तेच त्यात जातात, ही त्याची मर्यादा.

राहतो शेवटचा आक्षेप: स्वतःच्या रुग्णालयांची ही गत असताना हिशोब मागायचा सरकारला काय अधिकार? ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण गेले, त्यांत 12 नवजात बाळं होती. त्यावर झालेली सगळ्यांत ठळक कारवाई कुठली, तर एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. देखरेख या शब्दाचा अर्थ आपल्या पुढाऱ्यांना असा कळलेला असेल तर डॉक्टरांनी घाबरायलाच हवं. त्या बाळांपैकी किती बाहेरून, शेवटच्या घटकेला पाठवलेली होती? कुठल्या प्रसूतिगृहातून, किती तास उशिराने? मृत्यू शेवटच्या रुग्णालयाच्या नावावर चढतो आणि ज्यांनी वेळ घालवला त्यांची वही कोरी राहते. म्हणून रेफर चिठ्ठीवरची वेळ हा आकड्यांमधला सगळ्यांत मोलाचा आकडा आहे, आणि मृत्यूची नोंद पहिल्या दवाखान्यापासून मागोवा घेत व्हायला हवी.

आणि माहिती राज्याराज्यांत फिरायला हवी. नोव्हेंबर 2024 मध्ये कर्नाटकात बल्लारीच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर पाठोपाठ बाळंतिणी दगावल्या आणि संशय एका कंपनीच्या सलाईनवर गेला. जानेवारी 2025 मध्ये पश्चिम बंगालमध्ये मेदिनीपूरला तीच कहाणी घडली आणि त्याच कंपनीच्या सलाईनकडे बोट गेलं. मधल्या दोन महिन्यांत ही बातमी प्रत्येक लेबर रूमपर्यंत पोचवणारी यंत्रणा कुठे होती?

तेव्हा सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. वैद्यकीय महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयं, महापालिकांची प्रसूतिगृहं यांचे रॉबसन गटांनुसार सिझेरियनचे आकडे, रक्तस्राव, झटके, मृतजन्म, रेफर करण्यात गेलेला वेळ हे सगळं वर्षभर जाहीर करून दाखवावं, आकडे कितीही ओशाळवाणे असले तरी. त्यानंतर 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात दुरुस्ती करून नोंदणीचं नूतनीकरण याच माहितीशी जोडावं. आणि त्याच विधेयकात, पुढच्या कुठल्या तरी अधिवेशनावर न ढकलता, मातामृत्यू चिकित्सेतलं कुठलंही निवेदन पोलिसांना पुरावा म्हणून वापरता येणार नाही हे कलम घालावं. डॉक्टरांच्या संघटना पहिल्या भागाला विरोध करतील आणि रुग्ण हक्कांवर काम करणारे कार्यकर्ते दुसऱ्याला. दोघांना समोर बसवून दोन्ही भाग एकत्र मंजूर करून घेणं हे आरोग्यमंत्र्यांचं काम आहे.